एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला माणूस (आणि बेसबॉलचे असलेच अचाट आकडे)

उंटावरचा_स्कोअरर

इथे क्रिकेटच्या आकड्यांवर शतकी धागे निघालेत, बेसबॉलचा एकही दिसला नाही. मला न्यू जर्सीत येऊन अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली तीन या खेळाला नावं ठेवण्यात गेली. 'हा कसला खेळ, चेंडूचा टप्पाच पडत नाही' वगैरे. मग ऑफिसातल्या एकानं स्टेडियममध्ये हातात पेन्सिल आणि स्कोअरशीट कोंबली, आणि तिथून जो बिघडलो तो बिघडलोच.

तर सुरुवात माझ्या सगळ्यात लाडक्या नोंदीपासून. २६ जून २०२४, बॉस्टनचं फेनवे पार्क, टोरंटो ब्लू जेज विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स. दुसरी इनिंग चालू. टोरंटोचा डॅनी जॅन्सन बॅटिंगला उभा. त्याच्यावर एक स्ट्राइक झाला (बॅटरचा वाया गेलेला चेंडू; असे तीन झाले की तो आउट, तेच स्ट्राइकआउट) आणि पाऊस कोसळला. सामना तहकूब, उरलेला ऑगस्टमध्ये खेळायचं ठरलं. मधल्या काळात, जुलैच्या शेवटी, टोरंटोनं जॅन्सनला ट्रेड केलं, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. कुणाला? बॉस्टनलाच.

२६ ऑगस्टला सामना जिथं थांबला होता तिथूनच पुढे सुरू. म्हणजे कागदावर बॅटिंगला जॅन्सन, एक स्ट्राइक झालेला. पण तो आता पलीकडच्या गोटात. म्हणून टोरंटोनं त्याच्या जागी डॉल्टन वार्शोला पाठवलं. आणि वार्शोच्या मागे बॉस्टनचा कॅचर (आपला विकेटकीपर) म्हणून उकिडवं बसलेलं कोण? डॅनी जॅन्सन! वार्शो स्ट्राइकआउट झाला. सामना टोरंटोनं ४-१ जिंकला. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला हा पहिलाच माणूस.

खरी गंमत पुढेच आहे. नियम असा, की बॅटरवर दोन स्ट्राइक झालेले असताना बदली माणूस आला आणि स्ट्राइकआउट झाला, तर ते स्ट्राइकआउट पहिल्या माणसाच्या नावावर पडतं. आणि तिसरा स्ट्राइक कॅचरनं झेलला की त्या आउटचं श्रेय कॅचरला. म्हणजे जूनमध्ये पाऊस अजून एक स्ट्राइक थांबला असता, तर जॅन्सननं जॅन्सनला आउट केल्याची नोंद झाली असती. एका स्ट्राइकनं हुकलं हो! मला अजून हळहळ वाटते.

असले किस्से टाका. आणि जाता जाता एक कोडं: एका इनिंगमध्ये आउट तीनच असतात. तरी एकाच पिचरनं (आपला गोलंदाज) एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट केल्याच्या नोंदी मेजर लीगमध्ये भरपूर आहेत. कसं काय? गूगल न करता सांगा.

खवचट_नाना

म्हणजे पावसानं आणि मॅनेजरनं केलेला विक्रम. खेळाडूनं काय केलं? उकिडवा बसला. आमच्या गल्लीत माणसं कमी पडली की एक जण दोन्हीकडून खेळायचा, त्याला 'कॉमन' म्हणायचे. त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

उंटावरचा_स्कोअरर

नाना, 'कॉमन' हा शब्द इथल्या समालोचकांना कळवायलाच हवा. पण मुद्दा तोच तर आहे. पराक्रमाचे विक्रम सगळ्यांना ठाऊक असतात. मला आवडतात ते नियमपुस्तकाच्या फटीतून उगवलेले.

प्राजक्ता_शिकागो

मग याचं उलट टोक ऐका. एका दिवसात दोन संघ, पण दोन गावांत. ४ ऑगस्ट १९८२. जोएल यंगब्लड न्यूयॉर्क मेट्सकडून इथे शिकागोत, रिग्ली फील्डवर दुपारचा सामना खेळत होता. फर्गसन जेंकिन्सच्या चेंडूवर त्यानं हिट मारली, म्हणजे चेंडू टोलवून बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठला. मग मॅनेजरनं बाहेर बोलावून सांगितलं, तुझं ट्रेड झालं, माँट्रियल एक्स्पोजकडे जा. माँट्रियलचा संघ त्या दिवशी फिलाडेल्फियात, सामना रात्रीचा. गडी निघाला, तर ग्लोव्ह मैदानावरच राहिलेला, तो आणायला परत फिरला. मग विमान, मग फिलाडेल्फिया, आणि तिथे चालू सामन्यात उतरून स्टीव्ह कार्लटनच्या चेंडूवर पुन्हा हिट.

एका दिवशी, दोन शहरांत, दोन संघांकडून हिट. आणि पिचर कोण, तर जेंकिन्स आणि कार्लटन, दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले. आता नानांना आवडेल असा तपशील: हे घडू शकलं कारण रिग्लीवर तेव्हा दिवेच नव्हते, ते १९८८ साली आले. सगळे घरचे सामने उन्हात व्हायचे, म्हणून माणूस संध्याकाळी मोकळा!

खवचट_नाना

बरं, यानं निदान दोनदा बॅट तरी फिरवली. पास.

दीड_शहाणी

प्रश्न बावळट असेल तर दिवा घ्या. नवरा सारखं 'विल्यम्स चारशे सहा' म्हणत असतो. चारशे सहा काय? धावा?

उंटावरचा_स्कोअरर

बावळट अजिबात नाही, मला हे कळायला एक अख्खा मोसम लागला. बॅटिंग सरासरी म्हणजे हिट भागिले मोजल्या गेलेल्या संधी. दहात तीनदा यश मिळालं तर .३००, त्याला बोलताना 'तीनशे' म्हणतात. एवढं सातत्यानं जमवणारा बडा खेळाडू. म्हणजे दहात सात वेळा नापास होऊनही नाव निघतं. (आमच्या वडिलांना हे गणित दहावीच्या निकालाच्या वेळी समजावून सांगायला हवं होतं.)

आता १९४१. बॉस्टनचा टेड विल्यम्स. मोसमाचा एकच दिवस उरला होता, फिलाडेल्फियात एकापाठोपाठ दोन सामने. त्या सकाळी त्याचा हिशोब होता ४४८ संधींत १७९ हिट, म्हणजे .३९९५५. तीन स्थळांपर्यंत घेतलं की .४०० होतं. नुसतं बाकावर बसला असता तरी पुस्तकात चारशे लागले असते, आणि मॅनेजरनं तशी मुभाही दिली होती. हा दोन्ही सामने खेळला, आठात सहा हिट मारल्या, आणि .४०६ वर थांबला. तेव्हा धाव मिळवून देणारा उंच झेलसुद्धा संधीत मोजायचे. आज तो वगळतात. आजच्या नियमानं त्याचा आकडा आणखी वर गेला असता.

ब्रॅडमनला शेवटच्या डावात चार धावा हव्या होत्या आणि शून्यावर गेला, ९९.९४. हा त्या गोष्टीचा नेमका उलटा आरसा.

लसावि_मसावि

तीन स्थळांचा विषय निघालाच आहे तर माझा आवडता आकडा: ख्रिस डेव्हिस. २०१५ ची सरासरी .२४७. २०१६, .२४७. २०१७, .२४७. २०१८, पुन्हा .२४७. सलग चार मोसम! मधे संघसुद्धा बदलला, मिलवॉकीहून ओकलंडला गेला. आणि बाकी काहीच स्थिर नव्हतं, त्या चार वर्षांत होम रन (आपला षटकार) अनुक्रमे २७, ४२, ४३ आणि ४८. म्हणजे माणूस दरवर्षी जास्त दांडगा होत गेला, पण सरासरीला जणू फेविकॉल लावलेला.

आणि दुसरा स्टॅन म्यूझियल. कारकिर्दीत एकूण ३६३० हिट. घरच्या मैदानांवर १८१५, बाहेर १८१५. बावीस मोसम खेळून वाटणी कशी, तर वकिलानं करून द्यावी तशी.

अवांतरराव

लसावि, .२४७ ची शक्यता काढून दाखवा की. आयडीला जागा.

लसावि_मसावि

काढली होती. पण असल्या गणितात फसगत अशी असते की आपण बाण आधी मारतो आणि गोल नंतर काढतो. शेकडो खेळाडू, दीडशे वर्षं. कुठे ना कुठे कुणाचे तरी चार आकडे सारखे येणारच. म्हणून शक्यता सांगत नाही, नुसती मजा घेतो.

खवचट_नाना

या धाग्यावर एकही आपला माणूस नाही म्हणून बसवतो. भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, नाबाद ४४३. ब्रॅडमनचे तेव्हा ४५२. नऊ धावा बाकी, जेवणाची सुट्टी झाली, आणि काठियावाडचा संघ सामना सोडून देऊन घरी गेला. प्रतिस्पर्धीच नाही तर उरलेल्या नऊ धावा कुणापुढे काढायच्या? आणि एवढं करून या माणसाला एकही कसोटी नाही. आहे का तुमच्या त्या खेळात असं काही?

प्राजक्ता_शिकागो

आहे, नाना. वाचून तुम्हालाच वाईट वाटेल.

२९ सप्टेंबर १९६३, मोसमाचा शेवटचा दिवस. ह्यूस्टनच्या संघानं जॉन पचोरेक नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला खेळवलं. पाच वेळा बॅटिंगला आला. तीन हिट, दोन वॉक (पिचरनं चार चेंडू वाईट टाकले की फुकट मिळणारा बेस). चार धावा स्वतः काढल्या, सहकाऱ्यांच्या तीन आणून दिल्या. पाचही वेळा बेसवर, एकदाही आउट नाही. आणि परत कधीच मेजर लीगमध्ये दिसला नाही. पाठ आधीपासून दुखावलेली होती, पुढे शस्त्रक्रिया झाली, काही वर्षं खालच्या लीगमध्ये धडपडला आणि संपलं. वॉक सरासरीत मोजत नाहीत, म्हणून कारकिर्दीची सरासरी १.०००. हजारात हजार! तीन संधी मिळून अशी सरासरी दुसऱ्या कुणाचीच नाही.

खवचट_नाना

हे चांगलं नाही सांगितलंत. चहा गार झाला.

खानदेशी_डायमंड

धागा आवडला. मी जळगावकडचा, शाळेत सॉफ्टबॉल खेळलोय. आमच्याकडे सॉफ्टबॉलचं वेड बाहेरच्यांना माहीत नसतं. मी शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) असायचो, आणि हात मोडला तेव्हा सरांनी महिनाभर स्कोअरिंगला बसवलं. तीच खरी शिकवणी झाली.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. शीटवर प्रत्येक बॅटरसाठी एक छोटा चौकोन, त्यात बारीक डायमंड. रनर जसजसा पुढे सरकेल तशी त्याची एकेक बाजू पेन्सिलनं गडद करायची, घरी पोचला की आतला भाग भरून टाकायचा. शॉर्टस्टॉपनं अडवून सेकंडला, तिथून फर्स्टला फेकून दोघांना उडवलं की लिहायचं ६-४-३. हे तीन आकडे वाचले की अख्खी हालचाल डोळ्यासमोर येते, धुळीसकट. स्ट्राइकआउटला 'के'. बॅट न फिरवता उभ्या उभ्या गेला तर 'के' उलटा काढायचा. उलटा 'के' पडला की आमचे सर बॅटरपेक्षा जास्त चिडायचे.

उंटावरचा_स्कोअरर

क्या बात! आणि तो 'के' आला कुठून माहितीये? हेन्री चॅडविक. इंग्लंडात एक्सेटरला जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला, आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांचा तक्ता) रूढ केला तो यानंच. इंग्रजी 'एस' त्यानं सॅक्रिफाइससाठी (स्वतः आउट होऊन रनरला पुढे सरकवणं) आधीच वापरला होता, म्हणून 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं. नाना, म्हणजे या खेळाच्या हिशोबवहीवर पहिला हात क्रिकेटवाल्याचाच.

खवचट_नाना

तरीच थोडंफार सुसंगत वाटतंय.

मिलवॉकीची_माई

माझ्या गावचा किस्सा कुणी सांगितलाच नाही अजून. आमच्या शेजारचे आजोबा दर मे महिन्यात हा सांगतात, मला पाठ झालाय.

आधी 'परफेक्ट गेम' म्हणजे काय ते: नऊ इनिंगमध्ये सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर आउट, एकही बेसवर पोचला नाही. हिट नाही, वॉक नाही, आपल्या फील्डरची चूकही नाही. दीडशे वर्षांत मोजून दोन डझन झालेत.

२६ मे १९५९. पिट्सबर्गचा हार्वी हॅडिक्स मिलवॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध पिचिंगला. त्या दिवशी त्याला बरंही नव्हतं. समोर हँक एरन, एडी मॅथ्यूज, जो अ‍ॅडकॉक असली धिप्पाड मंडळी. त्यातून मिलवॉकीची बाकावरची माणसं दुर्बीण लावून कॅचरच्या खुणा चोरत होती, हे नंतर त्यांच्यापैकीच एकानं कबूल केलं. तरी नऊ इनिंगमध्ये सत्तावीस आउट. परफेक्ट! पण पिट्सबर्गनंही एक धाव केली नव्हती. सामना पुढे चालू. दहावी परफेक्ट. अकरावी परफेक्ट. बारावी परफेक्ट. छत्तीस आले, छत्तीस गेले. असं आधी कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही.

तेरावीत थर्ड बेसमनचा फेक चुकला आणि पहिला माणूस बेसवर गेला. मॅथ्यूजनं बंट करून (बॅट नुसती टेकवून) त्याला पुढे सरकवलं. एरनला मुद्दाम वॉक दिला. आणि अ‍ॅडकॉकनं चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. होम रन, तीन धावा, संपलं? नाही! एरनला वाटलं जिंकणारी धाव झाली, तो मधूनच बाकाकडे वळला. मागून येणारा अ‍ॅडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला, आणि पुढच्या रनरला ओलांडलं की ओलांडणारा आउट. मग वादावादी. दुसऱ्या दिवशी लीगच्या अध्यक्षांनी निकाल दिला: ती होम रन नाही, डबल (दोन बेसची हिट). स्कोअर १-०.

समोरचा पिचर ल्यू बर्डेट. त्याला तेरा इनिंगमध्ये बारा हिट पडल्या, तो जिंकला. हॅडिक्सला एकच पडली, तो हरला. आणि १९९१ साली समितीनं व्याख्या बदलली: पूर्ण सामन्यात एकही हिट नको, तरच नो-हिटर. हॅडिक्स यादीतून बाहेर. बारा इनिंगचा परफेक्टपणा अधिकृतपणे कशातच मोजत नाहीत. आजोबा इथपर्यंत आले की काठी आपटतात.

दीड_शहाणी

मी आजोबांच्या बाजूनं. समितीला काय दुखत होतं?

लसावि_मसावि

समितीचं मला पटतं, शिव्या खाण्याची तयारी ठेवून सांगतो. सामना संपेपर्यंत मोजायचं हा नियम सरळ आहे. एकासाठी वाकवला की उद्या सात इनिंगवाला येईल. त्याच फेरीत अँडी हॉकिन्सही गेला. यांकीजचा पिचर, १ जुलै १९९०, एकही हिट न देता ४-० असा हरला. सगळ्या धावा वॉक आणि फील्डरांच्या चुकांनी दिलेल्या. यजमान संघ पुढे असल्यानं नववी खेळलाच नाही, म्हणून याच्या नावावर आठच इनिंग, म्हणून कटाप.

पण जुन्या वह्या बदलतात, हे खरं. हॅक विल्सनच्या १९३० च्या १९० आरबीआय (आपल्या बॅटिंगवर आणून दिलेल्या धावा) १९९९ साली १९१ झाल्या. एक धाव चुकून सहकाऱ्याच्या नावावर पडली होती. एकोणसत्तर वर्षांनी दुरुस्ती! आपल्या सातबाऱ्यापेक्षाही उशिरा.

अवांतरराव

सातबाऱ्याचा अपमान सहन केला जाणार नाही. आमचा अजून आजोबांच्या नावावर आहे.

प्राजक्ता_शिकागो

वह्या बदलण्याचं निघालं म्हणून: वर विल्यम्सचं .४०६ वाचलं. 'चारशे पार करणारा शेवटचा' असं अजून सगळीकडे छापतात. मे २०२४ पासून ते मेजर लीगच्याच पुस्तकात बसत नाही. गोऱ्यांच्या लीगमध्ये प्रवेश नव्हता म्हणून कृष्णवर्णीय खेळाडू वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळायचे. त्यांची १९२० ते १९४८ ची आकडेवारी आता अधिकृत धरली जाते. जॉश गिब्सन, १९४३, सरासरी .४६६. विल्यम्सनंतर दोन वर्षांनी. आणि कारकिर्दीची सरासरी .३७२, टाय कॉबच्या .३६७ च्या वर. कित्येक दशकं पहिल्या नंबरावर असलेला कॉब एका सकाळी दुसरा झाला.

लसावि_मसावि

आकडे मान्य, पण त्या लीगचे मोजलेले सामने फार कमी असायचे. कमी सामन्यांत सरासरी उड्या मारते. साठ-सत्तर सामन्यांची तुलना दीडशेशी कशी करायची?

प्राजक्ता_शिकागो

२०२० साली कोविडमुळे मेजर लीगचा मोसम साठच सामन्यांचा झाला. ते आकडे पुस्तकात आहेत, कुणी हरकत घेतली नाही. मग १९४३ लाच मोजपट्टी का काढायची? सामने कमी होते ते गिब्सनमुळे नव्हे. तो जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला. जॅकी रॉबिन्सन ती प्रवेशबंदी मोडून मेजर लीगमध्ये उतरला एप्रिल १९४७ मध्ये. मधे तीन महिने.

लसावि_मसावि

२०२० चा मुद्दा बिनतोड. मागे घेतो.

उंटावरचा_स्कोअरर

पानभर वाद आणि शेवटी कुणीतरी 'मागे घेतो' म्हणालं. अ‍ॅडमिन, हीच नोंद करून ठेवा.

आता झोपायच्या आधी माझ्याकडून एक. १८ एप्रिल १९८१, शनिवार संध्याकाळ. पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, मेजर लीगच्या एक पायरी खालचा सामना. बरोबरी सुटेना. एवढी थंडी की खेळाडू मोडक्या बॅटी जाळून शेकत बसले. अमुक वाजल्यानंतर नवी इनिंग सुरू करू नये असं कलम लीगच्या नियमांत असायचं. नेमकं त्या वर्षीच्या पुस्तिकेत ते छापायचं राहून गेलं, आणि पंच पुस्तिकेला धरून बसले. शेवटी लीगच्या अध्यक्षांशी फोनवर बोलणं झालं तेव्हा कुठे सामना थांबला. बत्तीस इनिंग, पहाटेचे ४ वाजून ७ मिनिटं, ईस्टरचा रविवार उजाडायला आलेला, स्टँडमध्ये एकोणीस माणसं.

२३ जूनला पुढे सुरू केला आणि अठरा मिनिटांत, तेहतिसाव्या इनिंगमध्ये संपला. पॉटकेट ३-२. त्या सामन्यात वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन होते, दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. पण माझा जीव अडकलाय डॅलस विल्यम्समध्ये. रॉचेस्टरचा बॅटर. एका सामन्यात तेरा संधी, शून्य हिट. माणूस तेराव्यांदा बॅट घेऊन निघाला असेल तेव्हा काय विचार करत असेल!

खानदेशी_डायमंड

स्कोअरशीटवर एवढे रकानेच नसतात. तो स्कोअरर काय विचार करत असेल ते सांगा आधी.

खवचट_नाना

चार स्ट्राइकआउटचं कोडं सगळे विसरलेले दिसतात. काल रात्री दीड वाजेपर्यंत बसून तुमचं नियमपुस्तक चाळलं. घरचे विचारत होते लाइट का चालू आहे.

तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला, आणि फर्स्ट बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटरला फर्स्टकडे पळता येतं. वेळेत पोचला तर तो आउट नाही, पण पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट जमा. म्हणून तीन आउट होईपर्यंत चार होऊ शकतात. बरोबर ना?

आता मला सांगा, दोघांच्या वेळी निसटला तर पाच का होऊ नयेत? कुणाचे झालेत का? नको, सांगू नका. मीच शोधतो.